हॅना पाहावी की एलिनॉर?

बहिणी-बहिणींची गुंतागुंतीची प्रेमप्रकरणं आणि त्यात हसू-रडू दोन्ही, असा सिनेमा हवा असेल तर माझ्या यादीत दोन नावं वर आहेत: वुडी ॲलनचा ‘हॅना अँड हर सिस्टर्स’ (१९८६) आणि अँग लीचा ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१९९५). दोन्हींत सगळ्यांना सांभाळून घेणारी एक बहीण आहे: पहिल्यात हॅना, दुसऱ्यात एलिनॉर. फरक आहे तो सिनेमा तिच्याकडे कसं पाहतो यात.

हॅना न्यूयॉर्कची. तिचा नवरा एलियट तिच्याच बहिणीच्या, लीच्या, प्रेमात पडलाय. ली दिसली की ‘योगायोगाने’ गाठ पडावी म्हणून हा गृहस्थ धावत वळसा घालून तिच्यासमोर उगवतो. मायकेल केनने हा बावळटपणा इतका खरा केलाय की त्याचा धड रागही येत नाही. (त्याला ऑस्कर मिळालं. तिसरी बहीण हॉली झालेल्या डायॅन वीस्टलाही.) खरी मेख मात्र पुढे आहे. सगळे चिडतात ते हॅनावरच, कारण तिला कुणाची गरज लागत नाही! हॉली तिच्याकडून उसने पैसे घेते आणि वर तिच्याच संसारावर पटकथा लिहिते. नवऱ्याचं प्रकरण हॅनाला शेवटपर्यंत कळत नाही, त्यालाही शिक्षा वगैरे होत नाही. ‘त्याची चांगली जिरायला हवी होती’ असं वाटणाऱ्यांनी हा सिनेमा टाळावा.

एलिनॉरच्या बाबतीत आपण पहिल्यापासून तिच्या बाजूने. जेन ऑस्टिनची कादंबरी, वडील गेल्यावर घर सुटलेल्या डॅशवुड बहिणी. मॅरिॲन (केट विन्स्लेट) प्रेमात उघड वेडी होते, एलिनॉर गिळून बसते. तिला आवडणाऱ्या एडवर्डशी आपलं गुपचूप ठरलंय, हे ल्युसी नेमकं तिलाच विश्वासात घेऊन सांगते आणि एलिनॉर शांतपणे ऐकून घेते. शेवटाकडे तिचा बांध फुटतो तेव्हा एम्मा थॉम्पसन अशी हमसून रडते की हसावं की रडावं कळत नाही. पटकथाही तिचीच, त्यासाठी ऑस्कर मिळालं.

आईबरोबर, निवांत सव्वादोन तास असतील तर एलिनॉर. लग्नाला दहाएक वर्षं झालेल्या मैत्रिणींनी एकत्र बसून भांडायचं असेल तर हॅना. ती पावणेदोन तासांत आटपते. एलिनॉर आवडलीच, तर त्याच कादंबरीवरचा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ (२०००) पाहा. त्यात तब्बू आणि ऐश्वर्या राय बहिणी आहेत, शिवाय रहमानची गाणी.