गवत कापायच्या मशीनची नारिंगी दोरी आणि आमची महिन्याची नेमबाजी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कोल्हापूरच्या राधानगरी रोडजवळच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये एअर रायफलचा नेम धरायला जमतो. शेड माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांची, त्यांना सगळे आबा म्हणतात. चार लेन, दहा मीटर अंतर, पलीकडे आबांनीच पूर्वी घातलेला मातीचा उंच बांध. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात केली तेव्हा आम्ही सात जण होतो, सगळे घरातले आणि ओळखीतले.

माणसं वाढणार हे उघडच होतं. १ ऑगस्ट २०२४ ला नेमबाज स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं, आणि त्याचं कांबळवाडी इथून लांब नाही. खाशाबा जाधवांच्या कुस्तीतल्या १९५२ च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, तेही पुन्हा याच बाजूच्या पोरानं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली तेव्हापासून कोल्हापुरात नेमबाजी हा घरात बोलायचा विषय आहे. त्यामुळे डिसेंबरात बारा, जानेवारीत एकोणीस आणि मे महिन्याच्या सुट्टीत चौतीस माणसं आली.

जानेवारीतल्या त्या एकोणीस जणांच्या रविवारी जे झालं ते सांगते, म्हणजे ही दोरी कशासाठी आणली ते कळेल. मी दोन नंबरच्या लेनवर होते. एक डोळा मिटून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, काळ्या वर्तुळाखाली आणत होते. त्या दिवशी रेंज सांभाळायची जबाबदारीही माझ्याचकडे होती. चार नंबरच्या लेनवरचा एक जण आपले दहा छर्रे संपल्यावर रायफल टेबलावर ठेवून कागद बदलायला सरळ पुढे चालत गेला. आबा मागून ओरडले, "ए थांब, थांब की!" मी मान वर केली तेव्हा तो टार्गेटपाशी पोचला होता आणि एक व तीन नंबरच्या लेनवर रायफली खांद्याला होत्या. कोणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग मी केलेलं आहे. तिथे डिटेल, म्हणजे एका वेळी नेम धरणारी तुकडी, आडवी झोपायची, उस्ताद सांगायचे तेव्हाच रायफल भरायची आणि "खाली कर" झाल्याशिवाय कोणी कोपरसुद्धा उचलायचं नाही. ते सगळं माहीत असून मी इथे ओळखीच्या माणसांच्या भरवशावर होते. सात जणांत तो भरवसा चालतो. एकोणीस जणांत कोण भरून आहे आणि कोण रिकामं, हे नुसत्या चेहऱ्यावरून कळत नाही.

म्हणून आधी बंदूक रिकामी आहे हे दाखवणारे सेफ्टी फ्लॅग ऑनलाइन मागवले. आले ते बोटाएवढे लाल प्लास्टिकचे तुकडे, काडतुसाच्या बंदुकीच्या चेंबरमध्ये बसवायचे. आपल्या कामाला त्यांचा उपयोग नाही, आणि का नाही हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. काडतुसाच्या रायफलचा बोल्ट मागे ओढला की काडतूस बाहेर पडतं. एअर रायफलचा छर्रा एकदा नळीत ढकलला की भरायची लिव्हर उघडली तरी तो तिथेच राहतो. लिव्हर उघडी दिसते, माणूस म्हणतो रिकामी आहे, आणि छर्रा आत बसलेला असतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात एअरगनची सेफ्टी दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारी हवी असं म्हटलंय, ते याचसाठी. दोरीचं टोक पुढच्या तोंडातून बाहेर दिसलं तरच नळी रिकामी.

मग गवत कापायच्या मशीनला लावतात ती नायलॉनची दोरी आणली. शेतीच्या सामानाच्या दुकानात तिचं रीळ मिळतं. भडक नारिंगी रंग, जाडी २.४ मिलिमीटर. आपला छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे नळीत सैल जाते. आमच्या नळ्या साधारण ४५ सेंटिमीटरच्या आहेत, म्हणून ७५ सेंटिमीटरचे तुकडे कापले. दोन्हीकडे पंधरा-पंधरा सेंटिमीटर दोरी लोंबते आणि शेडच्या दारातूनही दिसते.

फेब्रुवारीपासून ही दोरी वापरात आहे. पहिल्या दिवशी तिनं मला वैताग आणला. रिळाचा पीळ जात नाही, सोडली की स्प्रिंगसारखी गोल होते आणि नळीत घालताना हातातून निसटते. आमच्या जाऊबाईंनी उपाय काढला. कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, मग एका टोकाला वजन बांधून रात्रभर टांगायची. सरळ झाली ती अजून सरळ आहे. दुसरी काळजी टोकाची. कापलेलं टोक खरबरीत राहतं म्हणून कोणीतरी काडी ओढून वितळवलं, तर तिथे मणी तयार झाला आणि तो नळीत अडकायला लागला. आता टोकं पॉलिश पेपरनं घासतो. आणि दोरी जमिनीवर पडली तर पुसल्याशिवाय आत घालायची नाही, तिला चिकटलेली वाळू नळीच्या आतल्या पिळदार खाचांची वाट लावते. टेबलाच्या कडेला प्रत्येक लेनसाठी एक खिळा मारलाय, दोरीची जागा तिथेच.

मार्चमध्ये तिनं आपली किंमत दाखवली. डिटेल संपलं, मी "थांबा, खाली करा" म्हटलं. चौघांनी लिव्हर उघडल्या आणि दोऱ्या घालायला घेतल्या. तीन नंबरवरचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "ताई, जाईना हो पुढं." मी जवळ जाऊन पाहिलं. दोरी बोटभर आत गेली होती आणि तिथेच अडत होती. माझा आवाज यायच्या क्षणभर आधी त्यानं छर्रा भरला होता आणि थांबा ऐकल्यावर लिव्हर उघडली होती. त्याच्या मते रायफल रिकामी झाली होती, आणि नुसतं बघितलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं. बाकी तिघांना दोऱ्या घालून मागे उभं केलं, पुढे कोणी नाही हे मोठ्यानं बोलून खात्री केली आणि मग माझ्या सांगण्यावरून त्यानं तो छर्रा ट्रॅपमध्ये, म्हणजे छर्रे अडवायच्या डब्यात, मारून काढला. नंतर दोरी सरळ आरपार गेली. मेमध्ये एकदा पुन्हा अडली. तेव्हा रायफलच्या सिलिंडरमधली हवा इतकी उतरली होती की चाप ओढूनसुद्धा छर्रा नळीतच अडकून राहिला होता. आता दर दोन डिटेलनंतर प्रेशरचा काटा बघतो.

दोरीच्या जोडीनं इतर गोष्टीही बदलाव्या लागल्या. लेन वाढवायच्या का, हा पहिला वाद झाला. शेडमध्ये सहा लेन सहज मावतात आणि आबांची तयारी होती. मी नको म्हटलं. रांग लांबते ती लेन कमी म्हणून, पण लक्ष ठेवणारी माणसं तेवढीच राहिली तर दोन जास्तीच्या लेन म्हणजे न बघितलेल्या दोन नळ्या. चौतीस माणसं, चार लेन, म्हणजे नऊ डिटेल. प्रत्येकाला दहा छर्रे आणि अदलाबदल धरून सतरा मिनिटं. अडीच तासांत सगळ्यांची पाळी होते. सकाळी आठला सुरू केलं की अकराच्या आत भाकरी. तेवढं थांबायची ज्याची तयारी नाही त्यानं येऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. नावं गुरुवारी रात्री बंद होतात, आता बत्तिसाच्या वर घेत नाही. आयत्या वेळी पाहुण्याला घेऊन आलात तर पाहुणा बघत बसेल.

रेंज ऑफिसर, म्हणजे रेंज सांभाळणारा, त्या दिवशी स्वतः रायफल हातात घेत नाही आणि मोबाइल खिशातून काढत नाही. दोन लेनमागे एक जाणता माणूस, आणि पहिल्यांदा येणाऱ्याच्या शेजारी एक स्वतंत्र माणूस. नळी मोडून भरायच्या दोन स्प्रिंगच्या रायफली आहेत आमच्याकडे, त्या नवख्याला देताना तर हे हवंच. मोडलेली नळी हातानं धरून ठेवली नाही तर ती फटकन मिटते आणि बोट सापडतं.

फोटोंचा त्रास मला सगळ्यात जास्त झाला. माणसं वाढली की फोटो वाढतात, आणि फोटोसाठी माणूस रायफलीसकट वळतो. आता फोटो फक्त पाठीमागून, रायफल टेबलावर, दोरी आत. एका दादांना राग आला, ते पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्यानंतर आले आणि आता दोन लेन तेच सांभाळतात.

छर्रे अडवायला सुरुवातीला तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात चिंध्या कोंबल्या होत्या, मागे लोखंडी पत्रा. कमी माणसांत छान चालतं. पण सगळे मध्यावरच मारतात, त्यामुळे तिथल्या चिंध्यांना बोगदा पडतो. एप्रिलमध्ये टण्ण आवाज यायला लागला तेव्हा लक्षात आलं की छर्रे थेट पत्र्यावर आदळतायत. सरळ पत्र्यावरून छर्रा मागे उसळू शकतो. गावातल्या वेल्डरकडून ४५ अंशांत तिरकी प्लेट आणि खाली वाळूचा ट्रे असलेले चार डबे करून घेतले. सहा महिने झाले, तक्रार नाही. आणि चष्मे बघणाऱ्यांनाही लागतात, नुसते मारणाऱ्यांना नाहीत. आपल्या छर्ऱ्यात सात ज्यूलच्या आसपासच जोर असतो, पण डोळ्याला तेवढा पुरेसा आहे. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांच्यासाठी वरून बसणारे मोठे घ्या, आम्ही आधी घेतले नव्हते.

पावसाळ्यानं मात्र नवाच धडा दिला. जुलैत शेडच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि माझी शिट्टी तिसऱ्या लेनच्या पुढे ऐकू जाईना. फक्कीनं मारलेल्या रेघाही ओलीनं पुसल्या. रेघांच्या जागी आडवे बांबू टाकले. शिट्टीच्या जोडीला समोर लाल दिवा लावायचं ठरलं, लाल म्हणजे थांबा. मग आबांनीच विचारलं, "आणि लाइट गेली तर?" राधानगरीच्या पावसात लाइट जाते. दिवा विझला तर लोक समजणार की चालू झालं. म्हणून उलटं केलं. हिरवा दिवा, आणि तो पेटलेला असेल तोवरच नेम. विझला, मग कारण काहीही असो, बोट चापावरून बाहेर. ऑगस्टमध्ये दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा चारही लेन आपोआप थांबल्या. आबांचा हा एक प्रश्न मला कुठल्याही विकत आणलेल्या सामानापेक्षा मोलाचा वाटतो.

"थांबा" कोणीही म्हणू शकतं, वयाचा प्रश्न नाही. सप्टेंबरात नऊ वर्षांची एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली. टार्गेटच्या बाजूच्या पत्र्याखालून आबांची कोंबडी आत शिरत होती. सगळे थांबले, दोऱ्या आत गेल्या, कोंबडी बाहेर काढली, फट बुजवली. त्या पोरीला त्या दिवशी पहिली भाकरी वाढली.

भाकरीवरून सांगते, छर्रे शिशाचे असतात. साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी ताटाला शिवत नाही, आणि मारायच्या जागेवर चहासुद्धा नाही. लहान मुलांच्या हातात छर्ऱ्यांची डबी देत नाही, मोठी माणसं एकेक मोजून देतात.

परवान्याचं लोक हमखास विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंची आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी आम्ही दर वेळी पोलीस पाटलांना आणि शेजारच्या दोन्ही वस्त्यांना आधी सांगतो. आवाज ऐकून कोणी बघायला आलं तर बांधाच्या बाजूनं येऊ नये, एवढ्यासाठी. आणि पाखरावर नळी रोखणाऱ्याला परत बोलावत नाही.

पुन्हा घेईन का? दोरी, हो, डोळे मिटून. दहा महिन्यांत नऊ तुकडे बदलले, दोन हरवले, रीळ अजून निम्म्याहून जास्त आहे. तिरक्या प्लेटचे डबे, हो, पण पहिल्याच महिन्यात. बोटाएवढे लाल फ्लॅग, नाही. अजून न सुटलेली अडचण एकच आहे. दोरी काढायची खूण. घालताना सगळे नीट घालतात, पण हिरवा दिवा लागायच्या आधीच दोन-तीन जण घाईनं दोरी काढून ठेवतात. सध्या मी चारही दोऱ्या स्वतः गोळा करते, हातात चार आल्या की मोठ्यानं मोजते आणि मगच दिव्याचं बटण दाबते. वेळ जातो, डिटेलमागे मिनिटभर. डिसेंबरच्या रविवारीही असंच करणार आहे.