लुकलुकणारा चेक इंजिन दिवा आणि हजाराच्या आतला ओबीडी स्कॅनर: घ्यावा का?

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर पेटला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी येता येतं. तोच दिवा लुकलुकू लागला की गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये, गाडी मिसिंग मारतेय, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. कन्व्हर्टर आतून वितळला तर खर्च ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या कितीतरी पट होतो. म्हणून कसारा घाट चढताना दिवा लुकलुकला, तर ॲक्सिलरेटर लगेच सैल करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लुकलुकणं थांबलं तर कमी वेगात जवळच्या गॅरेजपर्यंत जा. सुरूच राहिलं तर टोइंग व्हॅन बोलवा, त्यात कंजुषी नको.

नेमका कोणता सिलिंडर, हे सांगायला ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र, पुरतो. पेट्रोल गाडी स्वतः वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात तो असावा, असं आमचं ठाम मत आहे. पण निवडून घ्या. अशा स्कॅनरमधली मूळ ईएलएम ३२७ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. ऑनलाइन जे स्वस्तात मिळतं त्या बहुतेक नकलाच आहेत. त्यातल्या २.१ आवृत्ती लिहिलेल्या बऱ्याच नकला अर्धेच आदेश पाळतात आणि मध्येच कनेक्शन तोडतात. १.५ लिहिलेल्या त्यामानाने बऱ्या चालतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, वायफाय किंवा ब्लूटूथ ४.० चा घ्या.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावायचा, इग्निशन ऑन करायचं, फोनशी जोडायचा (पिन बहुधा १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या ॲपमध्ये कोड वाचायचे. इथे घाई करून कोड पुसू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठलेली असते: दोष नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान. तिचा स्क्रीनशॉट आधी काढा, कारण कोड पुसला की तीही जाते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) झटके आणि घाटात भाराखाली झटके, ही दोन वेगळी दुखणी आहेत. भाराखालचं मिसिंग बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइलचं असतं. आयडलवरच्या मिसिंगमध्ये व्हॅक्यूम लीक (इंजिनात कुठूनतरी जास्तीची हवा शिरणं) किंवा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा संशय आधी घ्यावा.

पी०३०१ ते पी०३०४ या मिसिंगच्या कोडांतला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही, आणि इथेच लोकांचे पैसे जातात: पी०३०२ दिसला की चारही कॉइल बदलल्या जातात. त्याआधी अदलाबदल करून बघा. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. कॉइलचा बोल्ट बहुधा १० मिमीचा असतो. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी सुरू करा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली आहे. पी०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन. काही गाड्यांत दोन सिलिंडरला मिळून एकच कॉइल असते, तिथे एक-चार किंवा दोन-तीन असे जोडीने कोड येतात.

कॉइल उपसल्यावर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरकडचं सील गेलंय, नुसता प्लग बदलून उपयोग नाही. पाणी दिसलं तर इगतपुरीकडचा पाऊस किंवा वॉशिंग सेंटरमधला प्रेशर पंप कारण असू शकतो; आधी हवेने कोरडं करा, मगच प्लग खोला. १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या नव्या प्लगला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, १० मिमीच्या प्लगला याच्या निम्म्याहून कमी. प्लगच्या टोकांमधली गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर टाकून चालवा. सीएनजीला ठिणगी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. फक्त गॅसवर मिसिंग असेल आणि प्लग-कॉइल चांगले निघाले, तर गॅसचे इंजेक्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर आणि फिल्टर बघून घ्या.

पी०३०० (ठरावीक एका सिलिंडरचं नसलेलं मिसिंग) सोबत पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला तर ॲपमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते, बघा. आयडलवर शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला ती खाली येत असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय: इनटेकचे पाइप आणि गॅस्केट तपासा. उलट लोड वाढेल तशी बेरीज वाढत असेल, तर पंप किंवा फिल्टर पेट्रोल पुरवत नाहीये.

उणिवाही आहेत. हा स्कॅनर सहसा एबीएस, एअरबॅग वाचत नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचा वेगळा ईसीयूही (कंट्रोल कॉम्प्युटर) त्याला दिसत नाही, त्यासाठी सातपूर-अंबडकडच्या एखाद्या किटवाल्याचाच लॅपटॉप लागेल. आणि काम झाल्यावर स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरवतो.