जुन्या ४०७ ची ब्रेक लाइन: तांबे-निकेलचा पाइप आणि डबल फ्लेअर, अकरा महिन्यांनंतर

मागच्या सप्टेंबरात आमच्या टाटा ४०७ ट्रकची मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो भाग) मागच्या एक्सलपर्यंतची अख्खी ब्रेक लाइन, म्हणजे ब्रेक ऑइल नेणारा बारीक पाइप, बदलली. गाडी १९९८ ची, एमएच ३१. काटोल-नरखेडचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात आणायचा, मधूनमधून छिंदवाड्याकडून भाजीपाला, हा तिचा धंदा. संत्र्याचे दोन्ही हंगाम, आंबिया बहार आणि मृग बहार, गेले, मे महिन्यातलं नागपूरचं ऊन गेलं, आता पाऊस चालू आहे. म्हणून आज लिहायला बसलो. पंधरा दिवसांतच लिहिलं असतं तर त्याला काही किंमत नव्हती.

बदलायची पाळी का आली ते आधी सांगतो. ब्रेक ऑइल दर आठवड्याला कमी व्हायचं. एका गॅरेजात मागच्या एक्सलवरचा जोड उघडला, नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पान्ह्याला पाइप लावून नट आवळला. दोन महिने थेंबही दिसला नाही. आम्हाला वाटलं, काम झालं. मग छिंदवाड्याच्या रस्त्यावरचा सिलेवानीचा घाट उतरताना पॅडल तळाला गेलं. गाडी भरलेली, बाबा चालवत होते, मी बाजूला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून निभावलं. पॅडल पंप करत, हँडब्रेक ओढत बाबांनी ती डोंगराच्या कडेला टेकवली. नंतर दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

वाडीत ट्रकलाइनला एक म्हातारे चाचा आहेत, ब्रेकचंच काम करतात. त्यांनी तो जोड उघडला आणि पितळी टीच्या (तीन तोंडांचा जोड) भोकातून टाचणीने एक पांढरा धागा ओढून काढला. ऑइलमध्ये भिजलेला, नखाएवढा. "हे पाहा भाऊ, तुमची टेप. आटे तेल थांबवत नाही. आटे फक्त दाबून धरते. तेल थांबते ते इथं," म्हणत त्यांनी पाइपाच्या तोंडावर बोट ठेवलं. तोंडाची कडा केसाएवढी चिरलेली होती.

त्या दिवशी जे कळलं तेच या सगळ्या लिहिण्याचं कारण आहे. ब्रेक लाइनच्या जोडात पाइपाचं तोंड बाहेरच्या बाजूला फुलवलेलं असतं, तोच फ्लेअर. नट त्याला समोरच्या बैठकीवर दाबतो, धातू धातूवर बसतो आणि तिथंच तेल अडतं. फ्लेअर चांगला असेल तर टेपची गरज नाही, आणि चिरलेला असेल तर टेप गळती फक्त लपवते. वर टेपमुळे आटे गुळगुळीत होतात, नट नको तेवढा आवळला जातो आणि तोंड आणखी चिरतं. टेपचे तुकडे आत गेले तर बारीक भोकं बुजतात. शेलॅक किंवा पेस्टचंही तेच. ब्रेक ऑइल पुष्कळशा पेस्ट विरघळवून टाकतं.

पाइप आम्ही तांबे-निकेलचा घेतला, नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेलवाला, ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच. स्टीलच्या पाइपापेक्षा बराच महाग पडला. पण तो गंजत नाही आणि हाताने वळतो. जुना पाइप चिखलाने नेमका चासीच्या क्लिपांखाली सडला होता, त्यामुळे पैसे टाकायला बाबा तयार झाले. एक गोष्ट कळकळीने सांगतो: फ्रिज-एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप दिसायला असाच असतो, तो ब्रेकला लावू नका. हादऱ्यांनी साधं तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं.

हाताचं फ्लेअरिंग टूलही विकत घेतलं. दुकानात जाताना जुन्या पाइपाचं टोक कापून सोबत नेलं, कारण डबल फ्लेअर (कडा आत दुमडून दुहेरी केलेली) आणि बबल फ्लेअर (तोंड बुडबुड्यासारखं फुगवलेलं) वेगळे असतात आणि एकाच्या बैठकीवर दुसरा बसत नाही. आमचा डबल निघाला. ब्रेकला एकेरी फ्लेअर चालत नाही, दाबाने तडा जातो. पहिले तीन फ्लेअर वाया गेले. पाइप टूलच्या शिकंज्यात घसरायचा, तोंड एका बाजूला झुकायचं. चौथ्यापासून जमलं. पाइप हॅक्सॉने न कापता ट्यूब कटरने कापला, आतली-बाहेरची धार घासून काढली, पाइप डायच्या (तोंडाला आकार देणारा टूलचा ठोकळा) पायरीएवढाच वर ठेवला आणि डायला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावला. मोबाइलच्या टॉर्चखाली पाहिलं तर कडा सगळीकडून सारखी, आरशासारखी. नट आधी पाइपात ओवायचा, फ्लेअर नंतर. हा क्रम चुकला की पुन्हा कापावं लागतं.

दुसऱ्या महिन्यात एक जोड ओला दिसला. पुन्हा तोच, एक्सलवरच्या टीचा. जोड कोरडा पुसून त्यावर खडूची पूड मारली, गाडी चालू ठेवून बाबांनी मिनिटभर पॅडल दाबून धरलं, आणि पुडीवर एक काळपट रेघ उमटली. मी नट अजून आवळायला निघालो होतो, चाचांनी हात धरला. उघडून पाहिलं तर आमचा फ्लेअर ठीक होता, टीच्या आतल्या बैठकीवरच खाच होती, मागच्या आवळाआवळीची. नवी टी टाकली, नट एकदा बसवून, सैल करून, पुन्हा घट्ट केला. तेव्हापासून तो जोड कोरडा आहे.

पुढच्या होजच्या (रबरी नळीच्या) बोल्टखालचे तांब्याचे वॉशरही नवे घातले. ते एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. ऑइल डॉट ४ भरलं; डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, आणि पाणी शोषलं की दोन्ही १४० आणि १५५ वर येतात. घाटात तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळून वाफ झाली तर पॅडल पोकळ होतं, म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढलं. लाइनमधली हवा (एअर) काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डावीकडून सुरुवात केली.

कुरकुर एकच. हा पाइप नरम आहे. एक्सलजवळ तो ब्रॅकेटला घासून चकाकायला लागला होता, मार्चमध्ये दिसलं. टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन क्लिपा वाढवल्या, आता थांबलं. तुम्ही लावणार असाल तर क्लिपांमध्ये कंजुषी करू नका.

ब्रेक ऑइलच्या टाकीवर सप्टेंबरात मार्करने रेघ मारली होती. ऑइल आज तिच्या दोन-तीन मिमी खाली आहे. चाचा म्हणाले, ब्रेकचं लायनर झिजते तेवढं उतरतेच, जोड कोरडे असले म्हणजे झालं. जोड मी दर रविवारी बोट फिरवून पाहतो. गेल्या आठवड्यात सिलेवानी पुन्हा उतरलो, भरलेल्या गाडीने, पावसात. बाबांनीच चालवली.