तंटामुक्त गाव मोहीम: तडजोड कुठे टिकते, कुठे फिसकटते

गावातली भांडणं गावातच मिटवण्यासाठीची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. तेव्हा गृहखातं आर. आर. पाटील ऊर्फ आबांकडे होतं. ग्रामस्वच्छता अभियानात बक्षिसाच्या ओढीने गावं कामाला लागली होती. तीच युक्ती आबांनी इथे भांडणांसाठी वापरली. लक्षात ठेवायचं ते एवढंच की बक्षीस हे आगाऊ मिळणारं अनुदान नाही. काम आधी, मग मूल्यमापन, मग लोकसंख्येनुसार रक्कम. ती गृहीत धरून ग्रामपंचायतीने आधीच काही खर्च करू नये.

कल्पना आजही उत्तम आहे. समिती ग्रामसभेतून निवडली जाते आणि पोलीस पाटील, तलाठी, बीट अंमलदार (त्या भागाचा पोलीस) एकाच सतरंजीवर बसतात. एरवी बांधाच्या भांडणात माणूस या तिघांकडे तीन वेगळ्या दिवशी खेटे घालतो.

कच्चा दुवा आहे तो तडजोडीच्या कागदात. मूल्यमापनात गुण मिटवलेल्या तंट्यांना असल्यामुळे सह्या झाल्या की नोंदवहीत 'मिटला' असा शेरा पडतो. पण वाटणीचा तंटा पाचशेच्या स्टँपवर, नोटरीच्या शिक्क्याने मिटत नाही. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, नाहीतर फेरफार होत नाही आणि सातबारा होता तसाच राहतो. त्यातही बहिणींच्या सह्या राहून जातात. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. भावाभावांनी परस्पर केलेला समझोता बहिणीने दावा लावला की कोलमडतो, म्हणून पहिल्या बैठकीलाच तिला बोलवा. हद्दीचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, खुणा रोवा आणि मगच लिहायला बसा. अंदाजाने ठरवलेला बांध पुढच्या नांगरटीला पुन्हा सरकतो.

शेतरस्त्याच्या तंट्यात मुदत सांभाळावी लागते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांत दाद मागायची असते. समिती बैठकांवर बैठका घेत राहिली आणि मुदत टळली, तर अडवणाऱ्याचंच फावतं. अर्ज आधी दाखल करावा, बोलणी त्यानंतरही चालू ठेवता येतात.

कोर्टात चालू असलेला दावा गावात मिटला तर लोकअदालतीत ठेवा. तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. गावातल्या साध्या कागदाला यातलं काहीच नाही.

फौजदारीत समितीचा हात तोकडा आहे, आणि तो तसाच असायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात ते दिलं आहे. साधी मारहाण त्यात बसते. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, अ‍ॅट्रॉसिटी यांना तिथे जागा नाही. ही प्रकरणं 'गावची अब्रू' म्हणून समितीपुढे आणणं म्हणजे तक्रारदारावर दबाव टाकणंच. अशा वेळी अध्यक्षाने बैठक बोलवू नये. तक्रारदारासोबत पोलीस ठाण्यात जावं आणि एफआयआरची मोफत प्रत तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नये.