बीवायडी सील, बीएमडब्ल्यू एम३४०आय आणि अर्थिंगचा खड्डा

भर मे महिन्यात माझ्या इलेक्ट्रिक सीलची बॅटरी २२ टक्क्यांवर आणि घरचा चार्जर लाल दिवा दाखवून बंद. बसवून देणाऱ्या एजन्सीचं दर वेळी एकच उत्तर, "गाडीतच फॉल्ट आहे." फॉल्ट गाडीत नव्हताच.

सील परफॉर्मन्सचे आकडे तुम्हाला पाठ असतील: ५३० हॉर्सपॉवर, ६७० न्यूटन-मीटर, शंभर गाठायला ३.८ सेकंद. घरात थोरल्या भावाची पेट्रोलवरची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे, ३७४ हॉर्सपॉवर आणि ४.४ सेकंदवाली. सरळ रस्त्यावर सील पुढे जाते, त्यात वाद नाही. पण वणी-वरोरा भागात कोळशाच्या ट्रकांनी दाबलेल्या डांबरावर २१८५ किलोंचं वजन लपत नाही. लागोपाठ दोन उंचवटे आले की सीलचा मागचा भाग हलत राहतो. बीएमडब्ल्यू एका झटक्यात स्थिर होते. स्टिअरिंगमध्येही तीच सरस. एसीची बटणं मात्र दोघींतही नाहीत, सगळं स्क्रीनवर, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हे दोन्ही कंपन्यांचं चुकलंच.

उन्हाळ्यापर्यंत माझं मत बीएमडब्ल्यूच्या बाजूचं होतं. मोठं कारण चार्जिंगचं.

काळ्या मातीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती अर्थिंगच्या पाइपला सोडून देते. पाइप आणि माती यांच्यामध्ये हवा शिरली की अर्थिंग नावापुरतं उरतं. पंखा-फ्रिज चालत राहतात, म्हणून कोणाला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र सुरू होण्याआधी अर्थ तपासतो आणि नकार देतो. तो नकार योग्यच आहे; ओल्या अंगणात एवढ्या मोठ्या धातूच्या गाडीला माणसाचा हात लागणार असतो.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांच्यातल्या व्होल्टेजचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवा. आमच्याकडे संध्याकाळी कूलर लागले की तो २० च्या वर जायचा, कारण एजन्सीने चार्जरची अर्थ वायर घराच्या जुन्या अर्थिंगलाच जोडून दिली होती.

नवीन खड्डा असा केला: ४० मिमी व्यासाचा, ३ मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मिठाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे पाणी धरणारी चिकणमाती. मीठ काही वर्षांत पाइप खातं. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं आणि भेगाळलेल्या मातीतली पोकळी भरतं. तोंडाशी फनेल, त्यात मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी. दुसरा खड्डा घ्यायचा तर पहिल्यापासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, नाहीतर पैसे पाण्यात. चार्जरला मीटरपासून स्वतंत्र तांब्याची केबल, अंतर २० मीटरच्या आत असेल तर ६ चौरस मिमी, त्यापुढे १०. ३० मिलिअँपचा टाइप ए आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, वेगळाच. महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्या; ७ किलोवॅटचा चार्जर दोन-तीन किलोवॅटच्या जोडणीवर चालवला तर मीटरचं टर्मिनल जळू शकतं.

त्यानंतर लाल दिवा आलेला नाही. आता २० ते १०० टक्के साडेदहा तासांत होतं. गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) दाब असेल आणि व्होल्टेज १८० वर आलं की तेरा तास. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची आहे, म्हणून आठवड्यातून एकदा १०० टक्के भराच, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकत जातो.

मत इथेच फिरलं. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत, एसी लावून, १०० किलोमीटरला २० युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे पूर्ण बॅटरीवर चारशेच्या जवळपास. नागपूरला जाऊन परत येणं आरामात होतं. एक्स-शोरूम किमतीत सील वीस लाखांच्या आसपास स्वस्त. वर महाराष्ट्रात पेट्रोलच्या महाग गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, इलेक्ट्रिकला माफ. त्या फरकापुढे अर्थिंगचा सगळा खर्च काहीच नाही.

काचेचं छत हा एकच राग राहिला. २०२४ च्या गाडीत त्याला पडदा नाही, आणि चंद्रपूरच्या ४५ अंशांत दुपारी डोक्यावर भट्टी असते. बाहेरून मिळणारा जाळीचा पडदा लावूनच घ्या. २०२५ च्या मॉडेलमध्ये कंपनीने तो दिला आहे.

सर्व्हिससाठी नागपूर गाठणं दोन्ही गाड्यांना सारखंच आहे. त्यामुळे घरी स्वतंत्र मीटर आणि जागा असेल तर सील घ्या. भाड्याच्या घरात किंवा दिवसाआड लाईट जाणाऱ्या गावात असाल तर एम३४०आय. चार्जर बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी अर्थ रेझिस्टन्सचा आकडा लेखी मागा, ५ ओहमच्या आत, आणि मोजणी पावसाळ्यात नाही, मे महिन्यात करायला लावा.