खेळाडू घेताना क्रिकहीरोज किती कामाचं? नाशिकच्या टेनिस लीगवाल्यांसाठी

नाशिकमध्ये टेनिस बॉल क्रिकेटच्या लीगचा हंगाम आला की संघमालकांच्या ग्रुपवर क्रिकहीरोज या स्कोअरिंग अ‍ॅपवरच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. लिलावात बोली चढते ती स्ट्राइक रेटवर, म्हणजे शंभर चेंडूंमागच्या धावांवर. लिलावानंतर दोन संघांत खेळाडूंची अदलाबदल ठरते तीही त्याच आकड्यावर. मग दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात तोच महागडा सलामीवीर पंचाशी हुज्जत घालतो, खाली खेळायला सांगितलं की किट उचलून निघतो आणि मालक म्हणतात, 'अ‍ॅपवर तर भारी दिसत होता.' अ‍ॅप खोटं बोललेलं नसतं, फक्त पहिलंच पान पाहिलेलं असतं.

अ‍ॅप म्हणून क्रिकहीरोज चांगलंच आहे. अहमदाबादच्या कंपनीचं हे काम गल्लीतल्या सहा षटकांच्या सामन्यालाही चेंडूगणिक स्कोअरकार्ड देतं. स्कोअरकार्ड पाहायला पैसे पडत नाहीत. खोलातलं विश्लेषण 'प्रो' सदस्यांसाठी आहे, पण खेळाडू निवडायला त्याची गरज नाही. प्रोफाइल उघडल्यावर आधी चेंडूचा प्रकार 'टेनिस' करा. लेदर आणि टेनिसचे आकडे एकत्र वाचले तर महात्मानगरच्या मैदानावर लेदरवर चाळीस षटकं खेळणारा फलंदाज विनाकारण संथ ठरतो. मग एकूण आकडा सोडून शेवटचे दहा-बारा सामने पाहा.

गुणवत्तेसाठी इतकं पुरतं. स्वभाव मात्र प्रोफाइलवर नसतो, तो स्कोअरकार्डच्या आत शोधावा लागतो. हे कष्ट कुणी घेत नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथेच.

एक नमुना घ्या. सहा षटकांत ७० धावांचा पाठलाग. चार षटकांत ४६, म्हणजे १२ चेंडूंत २४ हव्यात. सलामीवीर १३ चेंडूंत २८ वर, समोरचा ५ चेंडूंत १२ वर. पाचवं षटक चेंडूगणिक वाचा: डॉट, डॉट, चौकार, डॉट, डॉट आणि सहाव्या चेंडूवर एक धाव. स्ट्राइक परत स्वतःकडे. शेवटच्या षटकात १९ हव्यात आणि पहिल्याच चेंडूवर हा झेलबाद. प्रोफाइलवर नोंद होते ती २० चेंडूंत ३३, संघात सर्वाधिक धावा, स्ट्राइक रेट १६५. पण लयीत असलेल्या जोडीदाराला अख्ख्या षटकात एकही चेंडू मिळाला नाही, हे त्या पानावर कुठेच दिसत नाही. एका सामन्यावरून कुणाला स्वार्थी ठरवू नका. फटका चुकला की एकेरी नाकारली, हे अ‍ॅपला कळत नाही. दहा सामन्यांत चार-पाच वेळा हेच दिसलं तर मात्र ती सवय आहे.

त्याच कार्डावर धावबादच्या नोंदी पाहा. हा खेळपट्टीवर असताना जोडीदार किती वेळा धावबाद झाला आणि हा स्वतः किती वेळा? सगळे धावबाद एकाच बाजूला पडत असतील तर 'येस-नो'चा घोळ कुणाचा, हे उघड आहे. गोलंदाजासाठी वेगळी खूण शोधा: षटकार बसल्यावर पुढचा चेंडू कसा पडला? वाइड किंवा नो बॉल वारंवार येत असेल तर डोकं तापतंय. टेनिसमध्ये रागाच्या भरात जोर लावला की पाय रेषेबाहेर जातो किंवा कोपर वाकतो. नो बॉलची एक धाव, वर फ्री हिट, आणि सहा षटकांच्या सामन्यात तेवढ्यावर निकाल फिरतो. षटकार खाऊन पुढचा चेंडू पुन्हा यॉर्कर टाकायला जाणारा गोलंदाज, तो फुलटॉस पडला तरी, मला जास्त विश्वासाचा वाटतो.

फलंदाजीचा क्रमांकही बघावा. कप्तानाने दुसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर ढकललं, त्यानंतरच्या सामन्यात नाव आहे का? बाद फेरीची आशा संपल्यावर उरलेला साखळी सामना खेळला का?

हजेरी वाचताना मात्र नाशिक डोळ्यासमोर ठेवा. सातपूर-अंबडच्या कंपनीतला पोरगा सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळच्या सामन्याला येऊ शकत नाही. निफाड-दिंडोरीकडचा खेळाडू फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाच्या काढणीत अडकतो. बागेत माल तयार असताना त्याने मैदानावर यावं, ही अपेक्षाच चुकीची. अशा गैरहजेरीला बेशिस्त म्हणणं अन्याय आहे. फरक ओळखायचा तर तारखा लावा. गैरहजेरी ठरावीक आठवड्यांत सलग असेल तर कारण कामाचं. पराभवाच्या किंवा खाली पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी असेल तर कारण वेगळं.

प्रोफाइलच्या 'टीम्स'मध्ये दहा-पंधरा संघ दिसले म्हणून लगेच बिचकू नका, टेनिसमध्ये पाहुणा खेळाडू म्हणून फिरणं रूढ आहे. त्यापेक्षा एकाच संघाने पुढच्या हंगामात त्याला परत घेतलं का, ते पाहा. ज्यांनी ड्रेसिंग रूममध्ये सांभाळलं त्यांनीच पुन्हा बोलावलं, तर त्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

गुणवत्ता की स्वभाव, हा पेच अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हरच्या, म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, अदलाबदलीत वर्षानुवर्षं दिसतो. रिसीव्हर कितीही वेगवान असला तरी क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, फेकल्याशिवाय त्याच्या हाती चेंडू येत नाही, म्हणून कुरबुरीही याच जागेवर जास्त. रॅन्डी मॉसला २००७ मध्ये ओकलंड रेडर्सने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधल्या फक्त चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सला दिलं, कारण मन लावून खेळत नाही अशी त्याची ख्याती झाली होती. त्या हंगामात त्याने २३ टचडाउन झेलांचा (गुण मिळवून देणाऱ्या झेलांचा) विक्रम केला आणि संघ साखळीत १६-० राहिला. त्याच रेडर्सनी २०१९ मध्ये अँटोनियो ब्राउनला तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या निवडी देऊन घेतलं. वाद इतके झाले की एकही अधिकृत सामना न खेळता त्याला सोडावं लागलं. दोघेही गुणवत्तेच्या मानाने स्वस्तात मिळाले, आणि भाव स्वभावामुळेच पडला होता. मॉसला मिळाला तो घट्ट शिस्तीचा, जिंकणारा संघ. पुढे २०१० मध्ये तोच मॉस मिनेसोटा वायकिंग्जकडे परतला आणि महिनाभरही टिकला नाही. स्वभावाचा हिशोब खेळाडूसोबत संघाचाही असतो, आणि तो कुठलंच अ‍ॅप मांडून देत नाही.

म्हणून स्कोअरकार्ड वाचून झाल्यावर जुन्या कप्तानाला फोन कराच. 'पोरगा कसा आहे?' असं विचारलं तर 'चांगला आहे' एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा: खाली पाठवल्यावर काय केलं? मानधनावरून मध्येच अडला का? झेल सोडणाऱ्या पोराला काय बोलला? पुढच्या हंगामात परत घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला तर तेही उत्तर समजा. हाच फोन एखाद्या पंचालाही करावा, पंच सगळ्या संघांचं पाहत असतो.

तापट पण गुणी खेळाडू घेऊच नये, असं माझं मत नाही. घ्यावा, पण आयकॉन म्हणजे संघाचा मुख्य चेहरा म्हणून नको, कप्तानी देऊन नको आणि एका संघात असे दोन नकोत. कप्तान वयाने आणि शब्दाने वजनदार असेल तरच घ्यावा. लिलावात तुमच्याकडे बोलीसाठी एक लाख पॉइंट असतील तर अशा एकट्यावर वीस हजारांच्या वर जाऊ नका. तो निघून गेला तरी उरलेल्या पॉइंटांत संघ उभा राहिला पाहिजे. अदलाबदलीत घेत असाल तर बदल्यात तुमचा शेवटच्या षटकाचा गोलंदाज देऊ नका. आक्रमक सलामीवीर हंगामात दुसरा मिळतो, दबावात यॉर्कर टाकणारा मिळत नाही.

शेवटी अ‍ॅपच्या मर्यादा. माहिती स्कोअरर भरतो तेवढीच खरी. घाईच्या सामन्यात वाइड आणि बाय यांची अदलाबदल होते, धावबाद भलत्याच्या नावावर जातो. काही खेळाडूंची दोन मोबाइल नंबरवर दोन प्रोफाइल असतात, आणि लिलावाच्या फॉर्मवर अर्थातच चांगल्याची लिंक येते. नावाने शोधून दुसरं सापडतंय का पाहा, जुन्या संघाच्या खेळाडूंच्या यादीतूनही ते हाती लागतं. आणि अदलाबदल ठरली की कोणाच्या बदल्यात कोण, कोणत्या सामन्यापासून, मानधन कोण देणार, हे पहिला सामना सुरू होण्याआधी संयोजकांच्या ग्रुपवर लिहून दोन्ही मालकांकडून 'मान्य' घ्या.