ब्लफ शिकवतो म्हणणाऱ्यानेच माझे पत्ते बघितले

हे लिहायला बरेच दिवस लागले कारण राग थोडा उतरल्याशिवाय नीट सांगताच आलं नसतं. पण सांगायलाच हवं, कारण ज्यांना पोकर बऱ्यापैकी येतं पण ब्लफ मारायची (हातात काही नसताना मोठा हात असल्यासारखे पैसे लावायची) हिंमत होत नाही, नेमकी अशीच माणसं हे फसवे कोच हेरतात. मी तसाच होतो. चांगले पत्ते आले तरच पैसे लावायचो, त्यामुळे मी बेट केली (पैसे लावले) की सगळं टेबल फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून मोकळं. एका ग्रुपमध्ये मी हेच विचारलं आणि तासाभरात एकाचा पर्सनल मेसेज आला, मी फक्त ब्लफिंगच शिकवतो, फी अगदी कमी.

पहिले दोन क्लास खरंच चांगले होते, हे मुद्दाम लिहितोय कारण तिथेच विश्वास बसतो. त्याने सांगितलं की पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) निम्मी बेट लावली तर तीनातून एकदा समोरचा उठला, म्हणजे त्याने फोल्ड केलं, तरी नुकसान नाही, पूर्ण पॉटएवढी लावली तर दोनातून एकदा उठायला हवा. दोन जण समोर असतील तर विचार करून मारायचा, कारण प्रत्येक जण ६० टक्के वेळा उठत असेल तरी दोघं एकत्र उठायचा चान्स ३६ टक्केच राहतो. जो प्रत्येक बेट कॉल करतो (तेवढेच पैसे लावून खेळात राहतो) त्याच्यावर ब्लफ कधीच नाही. आणि फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा) आणि रिव्हर (पाचवा, शेवटचा), सगळीकडे आपल्या बेट्सची गोष्ट एकच पाहिजे, मधेच बदलली की समोरच्याला वास येतो. हे सगळं बरोबर आहे, आजही मी हेच मानतो.

मग त्याने पोकरच्या २००३ च्या वर्ल्ड सिरीज स्पर्धेचा तो प्रसिद्ध हात दाखवला, ख्रिस मनीमेकरने ब्लफ मारून सॅम फराहाला उठवलं तो. म्हणाला बघ, हातात काही नाही आणि नव्वीची जोडीवाला पळाला, सगळी जिगर आहे. नंतर मी स्वतः तो हात परत बघितला. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती होती, टर्नला बोर्डवर इस्पिकची नव्वी, छक्की, अठ्ठी, म्हणजे फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पण येऊ शकत होता आणि दश्शी किंवा पंजी आली असती तर स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पण. रिव्हरला काहीच लागलं नाही म्हणून तो पूर्ण ब्लफ झाला, पण टर्नला रेझ मारताना (समोरच्याची बेट वाढवताना) हात रिकामा नव्हता. शिकणाऱ्याला हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, आणि नेमकी तीच त्याने गाळली.

तिसऱ्या क्लासला म्हणाला थिअरी पुरे, आता लाइव्ह. एका ॲपवर त्याच्या ओळखीचा प्रायव्हेट क्लब, तिथे बसायचं, मी स्क्रीन शेअर करायची, तो कानात सांगणार आता मार, आता थांब. मी हो म्हणालो. खेळ चालू असताना कुणाची मदत घेणं हेच मुळात नियमात बसत नाही आणि ते मला माहीत होतं, तरी शिकतोय या नावाखाली मी स्वतःची समजूत घातली. ती चूक माझीच.

एक हात सांगतो. माझ्याकडे बदामाचा गुलाम आणि दश्शी. फ्लॉप बदामाचा राजा, बदामाची चौकी, इस्पिकची सत्ती. फ्लशसाठी नऊ पत्ते, रिव्हरपर्यंत लागायचा चान्स साधारण ३५ टक्के, सेमी-ब्लफ (हात अजून लागला नाही पण लागू शकतो असा ब्लफ) मारायला याहून चांगली जागा कुठली. बेट केली, एकाने कॉल केला. टर्न चौकटची दुर्री, परत बेट, परत कॉल. रिव्हर किलवरची तिर्री, काहीच लागलं नाही, कानात आवाज आला ऑल-इन मार, म्हणजे उरलेले सगळे पैसे लाव, मी मारलं. त्याने दोन सेकंदात कॉल करून राणी-दुर्री दाखवली. दुर्रीची जोडी! आणि ती दुर्री पण टर्नला आलेली, म्हणजे फ्लॉपवर त्याने माझी बेट नुसत्या राणीवर कॉल केली होती, माझ्या गुलामापेक्षा फक्त एक घर वर.

कोच म्हणाला व्हेरियन्स (नशिबाचा चढउतार) आहे रे, तो सगळंच कॉल करतो, पुढच्या वेळी मोठा मार. पहिल्या क्लासला याच माणसाने सांगितलं होतं की अशा खेळाडूवर ब्लफ मारू नये, हे मला तेव्हा आठवलं कसं नाही याचं आजही वाईट वाटतं.

तीन आठवड्यांत बाजूला ठेवलेले सगळे पैसे गेले. मग एका रात्री खेळलेल्या हातांची हिस्ट्री काढून बसलो आणि त्या टेबलावरच्या दोन नावांपुरतेच हात वेगळे केले. रिव्हरला त्या दोघांवर मारलेले २७ ब्लफ, त्यातले २४ कॉल. बरं, कॉल करणारेच असतील म्हणावं तर माझ्याकडे खरोखर मोठा हात होता अशा १९ वेळा त्यांनी फक्त दोनदा कॉल केला. जो सगळं कॉल करतो तो तुमच्या फुल हाउससारख्या मोठ्या हातालाही पैसे देतो. ब्लफ तेवढे कॉल आणि खऱ्या हाताला फोल्ड, हे पत्ते दिसल्याशिवाय इतक्या वेळा होत नाही. पत्ते दिसत होते फक्त मला आणि स्क्रीन बघणाऱ्याला.

ॲपवाल्यांकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं ॲपमध्ये फक्त चिप्स फिरतात, पैशांचा हिशोब क्लबवाला बाहेर करतो, त्यामुळे परत काय करणार. कोचने त्याच दिवशी ब्लॉक केलं.

तुम्ही कुणाकडे शिकत असाल तर त्याला म्हणा, खेळून झालेल्या हातांची हिस्ट्री पाठवतो, त्यावर बोलू. चांगला शिकवणारा लगेच तयार होतो कारण कॉल का केला, बेट केवढी लावली हे सगळं त्यातच दिसतं. चालू हातात तुमचे पत्ते बघायचा, कॉम्प्युटरचा ॲक्सेस मागायचा किंवा स्वतःच्याच क्लबमध्ये बसवायचा हट्ट धरला तर तिथेच सोडा. आणि शिकत असाल तर ब्लफ कुणी कुणी कॉल केले त्याची नावासकट नोंद ठेवा, मी पहिल्या आठवड्यात ठेवली असती तर दोन नावं तेव्हाच दिसली असती.

मी ग्रुपमध्ये हे थोडक्यात टाकल्यावर एका मुलाचा मेसेज आला, तोही त्याच्याकडेच शिकत होता आणि आपलं नशीबच खराब आहे असं समजून अजून खेळत होता. त्याला हिस्ट्री काढायला लावली. तीच दोन नावं.